शेगडीभोवतीचा सामना

बालमित्रांनो, क्रिकेटचा सामना संपला की तो खरंच संपतो का? मला विचाराल तर मुळीच नाही. मैदानावरचे दिवे मालवले की दुसरा सामना सुरू होतो. घराच्या ओट्यावर, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत. "याला कशाला खेळवलं?" "कर्णधार बदलायलाच हवा!" या सामन्यात अकरा खेळाडूंचं बंधन नाही, पंच नाही आणि पाऊस आला तरी खेळ थांबत नाही!

अमेरिकेत या दुसऱ्या सामन्याला चक्क नाव आहे बरं का. 'हॉट स्टोव्ह लीग', म्हणजे तापलेल्या शेगडीची स्पर्धा! तिथला लाडका खेळ बेसबॉल. तो एप्रिलच्या सुमारास सुरू होतो आणि ऑक्टोबरअखेर संपतो. मग थंडी, बर्फ, मैदानं ओस. पूर्वी गावातल्या दुकानात मोठी लोखंडी शेगडी पेटलेली असायची. सामान घ्यायला आलेली माणसं तिच्याभोवती हात शेकत बसायची आणि बोलायची ती फक्त बेसबॉलवर. कोणाला काढायचं, कोणाला घ्यायचं, पुढच्या वर्षी काय होणार? आपल्याकडे शेकोटीभोवती किंवा पारावर गप्पा रंगतात, अगदी तशाच.

आज मी तुम्हांला अशाच एका हिवाळ्याची गोष्ट सांगणार आहे. शहर बॉस्टन, संघ 'बॉस्टन रेड सॉक्स' आणि साल २००३. तेव्हा मी आठवीत होते. माझी मावसबहीण लग्न होऊन नुकतीच बॉस्टनजवळ राहायला गेली होती. तिचे घरमालक होते ऐंशी ओलांडलेले एक आजोबा. त्यांचा दहा वर्षांचा नातू शाळा सुटली की त्यांच्याकडेच यायचा. ताईची लांबलचक पत्रं यायची, आणि त्यांत बर्फाइतकाच बेसबॉल असायचा!

आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. ज्यांच्या शाळेत सॉफ्टबॉल आहे त्यांना बेसबॉल लगेच कळेल. एका संघात नऊ खेळाडू. पिचर चेंडू फेकतो, समोरचा फलंदाज तो टोलवतो आणि चार बेसना फेरी मारून धाव काढतो. नऊ डाव होतात. पिचर दमला की मॅनेजर त्याला काढून दुसरा आणतो, पण एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही! म्हणून पिचर कधी बदलायचा, हा मॅनेजरच्या डोक्याला सर्वांत मोठा ताप. मॅनेजर म्हणजे मैदानावरचे निर्णय घेणारा गुरुजीच म्हणा ना. त्याच्यावर असतो जनरल मॅनेजर. तो खेळाडू विकत घेतो किंवा दुसऱ्या संघाशी त्यांची अदलाबदल करतो.

बॉस्टनच्या लोकांचं जुनं दुखणं होतं. त्यांच्या संघानं अजिंक्यपद मिळवलं होतं ते १९१८ साली. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात, म्हणजे १९१९ च्या अखेरीस, मालकानं बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्कच्या 'यांकीज' संघाला एक लाख डॉलरला विकून टाकला. रूथनं न्यूयॉर्कला जाऊन पहिल्याच वर्षी ५४ होमरन मारले! यांकीज पुढं विजेतेपदांमागून विजेतेपदं मिळवत गेले आणि बॉस्टन मात्र कोरडंच राहिलं. लोक म्हणू लागले, रूथचा शाप लागला. शाप वगैरे काही नसतं, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण एका हिवाळ्यातल्या निर्णयावर माणसं ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं वाद घालत होती, हे मात्र खरं.

ऑक्टोबर २००३ मध्ये बॉस्टन आणि यांकीज यांच्यात निर्णायक सामना झाला. जिंकणारा संघ अंतिम फेरीत जाणार होता. आठव्या डावात बॉस्टन ५-२ असं पुढं होतं. त्यांचा सर्वोत्तम पिचर पेड्रो मार्टिनेझ चेंडू टाकत होता, पण शंभराहून जास्त चेंडू टाकून तो थकला होता. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेले. पेड्रोशी बोलले. त्याची अजून टाकायची तयारी होती. लिटलनी त्याला तसंच राहू दिलं आणि ते परत फिरले. थोड्याच वेळात ५-५ अशी बरोबरी झाली! अकराव्या डावात यांकीजच्या ॲरन बूननं होमरन मारला आणि सगळं संपलं.

आणि शेगडी पेटली!

ताईनं लिहिलं होतं, "इथे दुकानात, बसमध्ये, लायब्ररीत एकच विषय, ग्रेडीला काढा." आमच्या घरमालक आजोबांच्या स्वयंपाकघरात मात्र वेगळाच नियम होता. तिथं 'काढा' असं नुसतं म्हणायचं नाही, 'कारण' हा शब्द जोडायचा. नातवाकडे कारण तयार होतं. तो वहीत आकडे लिहून ठेवायचा. चेंडूंची संख्या शंभराच्या पुढं गेली की पेड्रोला फलंदाज जास्त चांगले खेळतात, मग मॅनेजरना हे दिसलं नाही का? आजोबांचं कारण निराळं होतं. ज्याच्या हातानं इतके सामने जिंकले, त्याच्यावर कठीण वेळी विश्वास ठेवला तर तो गुन्हा कसा? आणि त्या वर्षी संघानं ९५ सामने जिंकले, ते कोणाच्या हाताखाली?

मग आजोबा नातवाला म्हणाले, "मी बुटांच्या कारखान्यात होतो. तो बंद पडला तेव्हा मला एका सकाळी घरी पाठवलं. 'काढा' हा शब्द बोलायला फार सोपा असतो रे. ज्याला काढतात, त्याला तो संध्याकाळी घरी जाऊन सांगावा लागतो."

हे वाक्य ताईनं मराठीत करून मला पाठवलं होतं. आज मी बाई होऊन वर्गापुढं उभी राहते, तरी ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

ऑक्टोबर संपता संपता लिटल यांचा करार पुढं चालू ठेवायचा नाही, असं संघानं ठरवलं. त्यांच्या जागी आले टेरी फ्रँकोना. झालं, नवा वाद! फ्रँकोना याआधी फिलाडेल्फिया संघाचे मॅनेजर होते, १९९७ ते २०००. त्या चारही वर्षांत त्यांचा संघ जिंकला कमी आणि हरला जास्त. "हरणारा मॅनेजर आपल्याला कशाला?" असं आजोबा म्हणत. जनरल मॅनेजर होता थिओ एपस्टाईन, तिशीसुद्धा न गाठलेला तरुण. त्यानं ॲरिझोनाहून कर्ट शिलिंग हा नावाजलेला पिचर आणला. यावर मात्र आजोबा-नातवाचं एकमत झालं. ताईनं लिहिलं, "आज घरात शांतता आहे!"

पण ती टिकली नाही. त्या वेळचा सर्वांत महागडा खेळाडू होता ॲलेक्स रॉड्रिग्ज. दहा वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलर असा त्याचा करार! त्याला बॉस्टनला आणायचं आणि मॅनी रामिरेझला त्याच्या बदल्यात टेक्सासला द्यायचं, असं डिसेंबरमध्ये जवळजवळ ठरलं. तसं झालं असतं तर नोमार गार्सियापारा या खेळाडूलाही जावं लागलं असतं, कारण दोघांची मैदानावरची जागा एकच. नोमार म्हणजे नातवाचा जीव की प्राण. त्याच्यासारखा ५ नंबरचा शर्ट घालून तो झोपायचा! आजोबा म्हणत, सर्वोत्तम खेळाडू मिळत असेल तर घ्यावा. नातू म्हणे, आपलं माणूस देऊन परक्याला आणायचं? दोघंही हट्टाला पेटले. शेवटी रॉड्रिग्जचा करार कमी करायला खेळाडूंच्या संघटनेनं नकार दिला आणि सौदा फिसकटला.

पुढची गंमत पाहा. ज्या ॲरन बूननं बॉस्टनला हरवलं होतं, त्याचा गुडघा जानेवारीत बास्केटबॉल खेळताना दुखावला. यांकीजना त्याच्या जागी खेळाडू हवा होता. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांनी कोणाला आणलं असेल? रॉड्रिग्जलाच! बॉस्टनमध्ये हाहाकार उडाला. पुन्हा बेब रूथ, पुन्हा यांकीज!

आणि मग ३१ जुलै २००४ ला, चालू हंगामातच, बॉस्टननं नोमारची अदलाबदल केलीच. नातवानं दोन दिवस वहीला हात लावला नाही. त्याच दिवशी आणखी एक छोटा सौदा झाला होता. डेव्ह रॉबर्ट्स नावाचा वेगानं धावणारा खेळाडू संघात आला. त्याच्याबद्दल त्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

ऑक्टोबरात पुन्हा समोर यांकीज. सातपैकी चार सामने जिंकायचे होते आणि बॉस्टन पहिले तिन्ही हरलं. तिसरा तर १९-८ असा! चौथ्या सामन्यात शेवटच्या डावातही ते एका धावेनं मागं. पहिल्या बेसवर बदली धावपटू म्हणून कोण आला? तोच डेव्ह रॉबर्ट्स! पिचरनं चेंडू टाकायला सुरुवात करताच त्यानं दुसऱ्या बेसकडे धूम ठोकली आणि केसभर अंतरानं वाचला. पुढच्या फटक्यावर त्याची धाव पूर्ण झाली. बरोबरी! मग बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझनं होमरन मारला. या ऑर्टिझला २००२ च्या डिसेंबरात त्याच्या जुन्या संघानं मोकळं केलं होतं. बॉस्टन पुढचे तिन्ही सामने जिंकलं. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत ०-३ वरून असं कोणीच फिरलं नव्हतं. नंतर अंतिम फेरीत त्यांनी सेंट लुईसला ४-० असं हरवलं. ८६ वर्षांनी! अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मॅनी रामिरेझ, ज्याला आदल्या हिवाळ्यात देऊन टाकायचं ठरत होतं तोच.

त्यानंतर बॉस्टनच्या आसपासच्या स्मशानभूमींत कितीतरी माणसं संघाचे झेंडे घेऊन गेली. वाट पाहत गेलेल्या वडलांना, आजोबांना बातमी सांगायला. आमचे घरमालक आजोबाही नातवाला घेऊन आपल्या वडलांच्या थडग्यापाशी गेले. वाटेत नातवानं विचारलं, "म्हणजे नोमारला पाठवलं ते बरोबरच होतं ना?" आजोबा म्हणाले, "आपण जिंकलो म्हणून नव्हे. तुझं कारण काल खरं असेल तर आजही खरंच आहे. आधी तुझी वही उघड."

मुलांनो, इथं क्षणभर थांबा. निर्णय आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉबर्ट्स केसभरानं बाद झाला असता तर लोकांनी फ्रँकोनांनाही 'काढा' म्हटलं असतं. आणि २००३ मध्ये पेड्रोनं तो डाव निभावून नेला असता, तर ग्रेडी लिटल यांच्या धैर्याचे गोडवे गायले गेले असते. निकालात नशिबाचाही वाटा असतो. निर्णयात मात्र फक्त विचाराचा.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात असंच रण माजलं. मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. 'बरोबर' की 'चूक' ते लिहा आणि खाली 'कारण' लिहा. चिठ्ठ्या लाडवाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुंबई दहापैकी दहावी आली होती. 'चूक' लिहिणाऱ्यांनी बाकं वाजवली! मग चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांचं कारण होतं, 'मला रोहित आवडतो.' 'बरोबर' लिहिणाऱ्या एका मुलीनं लिहिलं होतं, 'त्यानं गुजरातला २०२२ मध्ये जिंकवलं आणि २०२३ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत नेलं.' वर्गाला विचारलं, चांगलं कारण कोणाचं? सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिचा अंदाज चुकला होता, पण तिचा विचार चुकला नव्हता.

त्याच महिन्याच्या शेवटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या होत्या आणि चेंडू होता हार्दिकच्या हातात. त्या उन्हाळ्यात वानखेडेवर ज्याची हुर्यो उडवली, त्याच्यासाठीच सारा देश टाळ्या वाजवत होता. माझ्या वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "बाई, माणूस तर तोच होता ना?"

हो रे बाळा, माणूस तोच होता.

तेव्हा दोस्तांनो, वाद जरूर घाला. वादाशिवाय खेळाची मजा नाही! फक्त पुढच्या वेळी निकाल लागायच्या आधी आपलं मत कागदावर लिहा आणि त्याखाली कारण लिहा. आईबाबांनाही एक चिठ्ठी द्या, त्यांनाही सुटका नाही! ज्या माणसाबद्दल लिहाल, तो समोर बसून ऐकतो आहे असं समजून लिहा. मग डबा बंद करा आणि खुशाल सामना पाहा.