काठोकाठ

२१ सप्टेंबर
लोडायहून १०० पौंड झिन्फंडेल आणली. गाडीत अजून वास. द्राक्षं चिरडून प्लॅस्टिकच्या पिंपात. फसफस चालू आहे तोवर उघडं पिंप चालतं, आतूनच कार्बन डायऑक्साइड येत राहतो. खरी चिंता पुढे.

२४ सप्टेंबर
वर आलेल्या साली सकाळ-संध्याकाळ खाली दाबायच्या. नखं जांभळी. मीटिंगमध्ये हात टेबलाखाली.

२९ सप्टेंबर
पिळून झालं. साधारण २६ लिटर. काचेच्या कारबॉयमध्ये १९, गॅलनच्या जगात ३.८, उरलेली चार बाटल्यांत. सगळं काठोकाठ. प्रत्येकाला एअरलॉक.

५ ऑक्टोबर
निखिलला ओकचं पिंप हवंय. वीस लिटरचं. दिसतं देखणं, कबूल. वायनरीतलं पिंप २२५ लिटरचं असतं. वीसच्या पिंपात लिटरमागे लाकूड त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. बघता बघता वाइनला फळीची चव. लाकडातून उडते ती वेगळीच. भर घालायला आणायची कुठून?

६ ऑक्टोबर
ओकचे तुकडे पाकिटात मिळतात. तेच टाकले. निखिल गप्प.

१२ ऑक्टोबर
नाशिकहून आई. "अगं, लोणच्याच्या बरणीत घाल की!" बरणीचं तोंड केवढं, झाकण कसं बसतं, हे सांगत बसले नाही. पोलीस येतील का, हेही विचारलं. इथे दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे म्हटलं. "दोनशे? बाई गं!"

३ नोव्हेंबर
तळाला बोटभर गाळ. नळीने वरची वाइन दुसऱ्या कारबॉयमध्ये उतरवली. गाळाबरोबर बरीच गेली. लहान बाटल्या ओतून मानेपर्यंत भरला. बुचाखाली दोन बोटं हवा, बस.

१५ डिसेंबर
निखिलची पाठ धरलीय. भरलेला कारबॉय पंचवीस किलोचा. काच, त्यात हात ओले. आता दुधाच्या क्रेटमध्ये ठेवलाय, निदान धरायला काही आहे.
दुकानात पर्याय पाहिले. पीईटीचा हलका, काही महिने चालेल. पांढऱ्या बादलीतून हवा झिरपते, नको. स्टील सगळ्यात उत्तम, पण आतलं दिसत नाही. मला रात्री टॉर्च लावून पाहायचं असतं.

२० जानेवारी
पाहुण्यांसाठी फोडलेली बाटली अर्धी राहून गेली होती. हुंगली. आंबली. निखिल म्हणतो, टाकू नकोस.

९ फेब्रुवारी
पुन्हा गाळ काढला. जग कपभर कमी भरला. काचेच्या बिनरंगी गोट्या उकळून घेतल्या, जग तिरका धरून एकेक आत सोडली. वाइन हळूहळू वर चढली. मानेत आली तशी थांबले. कारबॉय स्वच्छ. टॉर्चचा उजेड आरपार, माणकासारखा.

१६ मार्च
निखिलने पिंप मागवलंच. व्हिनेगरसाठी, म्हणे. त्याला हवा लागतेच, मग बिघडलं कुठे? सध्या पिंप बाथटबमध्ये, पाणी भरून. फळ्या फुगेपर्यंत गळणार. कारबॉयला हात लावायचा नाही, एवढं बजावलंय.