संसार दोघांचा, परवाना एकाचाच

माझी भाची थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेली, तेव्हा आमच्या चाळीत सर्वांची मान ताठ झाली. 2023 च्या डिसेंबरात मी तिच्याकडे आठ दिवस राहून आलो. आदल्याच महिन्यात त्या देशाने भारतीयांना व्हिसाची अट काढली होती. नाहीतर माझ्यासारख्या कारकुनाचे जाणे कुठले!

तिचे गाव नखोन पाथोम. बँकॉकच्या पश्चिमेला साठेक किलोमीटर. स्टेशनातून बाहेर पडताच केशरी कौलांचा प्रचंड स्तूप दिसतो, फ्रा पाथोम चेदी. उंची सुमारे 120 मीटर. मी रस्त्यातच हात जोडले. संध्याकाळी तिथे बाजार भरतो. बांबूच्या नळीत भाजलेला गोड भात आम्ही तिथेच खाल्ला.

सकाळी शाळा पाहिली. आठच्या ठोक्याला राष्ट्रगीत झाले आणि मुले "खरू, खरू" करीत भाचीभोवती जमली. खरू म्हणजे शिक्षक; आपला 'गुरू'च तो. मला भरून आले.

फाटकाबाहेर मात्र जावईबापू उभे होते. रोज बायकोचा डबा करायचा, तिला पोचवायचे आणि खोलीवर परतायचे. हा माणूस बी.कॉम., कल्याणला दहा वर्षे हिशेबनीस होता. "नवऱ्याला तिथे काहीही काम मिळेल," असे एजंटाने तोंडी सांगितले होते.

प्रत्यक्षात शिक्षिकेच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर राहता येते, कमावता येत नाही. कामासाठी स्वतःचा मालक आणि स्वतःचा परवाना हवा. कंपनीला एका परदेशी माणसामागे सहसा चार थाई नोकर दाखवावे लागतात. शिवाय परदेशी लोकांना बंद असलेल्या कामांची यादीच आहे. त्यात दुकानातली विक्री, गाडी चालवणे, केस कापणे आणि चक्क कारकुनीही! हिशेबाचे कामही जवळजवळ बंदच. बँकॉकच्या फाहुरात भागात भारतीयांची कापडदुकाने आहेत. तिथला एक ओळखीचा म्हणाला, "या, कोण बघतंय?" पण विनापरवाना सापडल्यास 5 ते 50 हजार बाट दंड आणि हद्दपारी. जावयांनी नकार दिला.

एका रात्री ते म्हणाले, "मामा, भाजी चिरायची लाज नाही वाटत. पण गावी आईला पैसे पाठवायचे तर हिच्यापुढे हात पसरावा लागतो." भांडी विसळणारे भाचीचे हात थांबले. "मी कधी हिशेब मागितला का?" ती एवढेच म्हणाली. चूक दोघांचीही नव्हती.

मग आम्ही वाट शोधली. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिथे शाळेत शिकवू शकतो. मात्र इंग्रजी मातृभाषा नसेल तर टोइकसारख्या परीक्षेत सहसा 600 गुण लागतात आणि शाळेला शिक्षक परिषदेची परवानगी काढावी लागते. ठरले असे, की भाचीने मार्चपर्यंत शालेय वर्ष पुरे करावे आणि जावयांनी कल्याणला जुनी नोकरी धरून परीक्षेचा अभ्यास करावा. परतीच्या विमानात ते माझ्या शेजारी होते. मुंबईपर्यंत फारसे बोलले नाहीत.

आपली मुले-मुली परदेशी जरूर जावोत. पण करारावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारा, "माझ्या जोडीदाराला काम करता येईल का?" उत्तर त्या देशाच्या वकिलातीकडून तपासून घ्या आणि मगच दोन तिकिटे काढा.