ताईचा पाय आणि दोन थेंब

आमच्या ताईचा उजवा पाय 1971 साली गेला. तेव्हा आम्ही सिन्नरकडच्या गावी राहत होतो. ताई तीन वर्षांची. दोन दिवस ताप होता, डॉक्टरांनी सुई टोचली आणि तिसऱ्या दिवशी पाय लुळा पडला. "सुईनं पाय नेला," असं आई सांगायची. मीच पोरीला दवाखान्यात नेलं, म्हणून स्वतःला बोल लावायची.

पुढे बाबांना अंबडच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही नाशिकला इंदिरानगरात आलो. आम्हा धाकट्या भावंडांना आईनं कसलीच लस टोचू दिली नाही. नर्सबाई दारात आल्या की आम्ही मोरीत लपायचो.

1995 च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. विहारात बूथ लागला. दादाचं बाळ आठ महिन्यांचं होतं. आईनं त्याला पदराखाली घेतलं आणि दाराला कडी लावली. वहिनी रडायला लागली. तेव्हा ताई लोखंडी पट्ट्यांचा बूट वाजवत पुढे आली. म्हणाली, "आई, माझा पाय पोलिओनं गेला गं. तुझ्यामुळं नाही. आण त्याला इकडं." चोवीस वर्षांत घरात हे कुणीच बोललं नव्हतं. बाळाला थेंब मिळाले ते ताईच्या मांडीवर.

(पोलिओचा विषाणू अंगात असताना सुई टोचली तर लुळेपणा यायचा धोका वाढतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणजे आई अगदीच चूक नव्हती.)

ताईला त्या बूथचं वेडच लागलं. पुढे कित्येक वर्षं ती तिथं बसून करंगळीला शाई लावत असे. हे थेंब आले कुठून, तेही तिनंच वाचून आम्हाला सांगितलं. ही लस अल्बर्ट सेबिन यांची. जन्म आजच्या पोलंडमधला, काम अमेरिकेत. तिथं साल्क यांची टोचायची लस आधीच सुरू होती, म्हणून सेबिन यांची लस मोठ्या प्रमाणावर तपासायची ती सोव्हिएत रशियात. दोन्ही देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले, तरी सेबिन यांनी लसीचं बियाणं मॉस्कोच्या चुमाकोव्ह यांना दिलं. 1959-60 मध्ये तिथल्या कोट्यवधी मुलांना ती लस मिळाली. सेबिन यांनी तिचं पेटंटही घेतलं नाही. म्हणूनच ती आमच्यासारख्यांच्या दारापर्यंत पोचली, असं आम्हाला वाटतं.

पण डॉक्टरांचं एकट्याचं हे काम नव्हे. लस उन्हानं खराब होते, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रसायनवाल्यांनी त्यावर तोड काढली. 1996 पासून कुपीवर एक खूण येऊ लागली. वर्तुळात फिकट चौकोन. ऊब लागेल तसा चौकोन काळवंडतो, वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकायची. ताई प्रत्येक कुपी खिडकीपाशी नेऊन बघे. कुठं एखाद्या पोराचा हातपाय अचानक लुळा पडला, तर त्याच्या शौचाचे दोन नमुने बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जात. मुंबईत परळला अशी प्रयोगशाळा आहे, जगाच्या कामाची. तिथं गटाराचं पाणीसुद्धा तपासतात. शौच नि गटार म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी हे ऐकावं!

देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, हावड्याची एक छोटी मुलगी. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. अफगाणिस्तान नि पाकिस्तानात रोग अजून आहे, म्हणून आपले थेंब थांबलेले नाहीत.

2016 पासून थेंबांच्या जोडीला पोलिओची सुईही आली. दादाचं ते बाळ आता बाप झालं आहे. त्याची लेक सहा आठवड्यांची झाली, तेव्हा आम्ही सगळे दवाखान्यात गेलो. आईनं आता नव्वदी गाठली आहे. सुई दिसताच तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं, पण ताईचा हात घट्ट धरून उभी राहिली. पोर रडायची थांबल्यावर तिनं विचारलं, "पाय हलवतीय का?" ताईनं दुपटं बाजूला केलं. पोरगी दोन्ही पायांनी लाथा झाडत होती.