खालून दिलेले पाणी

आफ्रिकन व्हायोलेट या नावातील पहिला शब्द तेवढा खरा आहे; दुसरा निव्वळ दृष्टिभ्रम होय. हकीम मंडळी ज्याला बनफशा म्हणतात ते खरे व्हायोलेट. त्या आधारावर या झाडाला कोणी 'आफ्रिकी बनफशा' म्हटले, तर भाषांतर गोड होईल, पण झाडाचे कूळ बदलून जाईल. जर्मन भाषेने त्याला 'उसांबाराचे व्हायोलेट' म्हणून निदान त्याचे गाव नावात राखले आहे. उसांबारा ही आजच्या टांझानियातील डोंगरांची रांग. तेथे १८९२ साली बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या जर्मन अधिकाऱ्याला ही रोपटी आढळली. त्याने ती मायदेशी वडिलांकडे धाडली आणि पुढच्याच वर्षी हर्मान वेंडलँड या उद्यानतज्ज्ञाने तिचे 'सेंटपॉलिया' असे बारसे केले. अलीकडे, २०१५ साली, वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला 'स्ट्रेप्टोकार्पस' या दुसऱ्या घराण्यात दत्तक दिले. नाव बदलले, तहान मात्र तीच राहिली.

ही तहान समजून घेतल्याखेरीज या झाडाच्या वाटेला जाऊ नये. दाट झाडांच्या सावलीत, खडकांच्या कपारींत साठलेल्या ओंजळभर पाचोळ्यात ते वाढते. त्याची मुळे बारीक आणि उथळ असतात. त्यांना ओल हवी, पण त्याहून अधिक हवा हवी. आमच्या रायपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या घरात वावरतो आणि नौतपाच्या दिवसांत त्याहूनही वर चढतो. अठरा ते पंचवीस अंशांत सुखी असणाऱ्या या डोंगरकन्येला येथे आणणे हा शहाणपणा नव्हे, असे कोणी म्हणाल्यास मी वाद घालणार नाही.

तरीही ते आमच्या घरी आले, ते आईसाठी. तात्यापाऱ्यातील जुने घर सोडून आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहावयास आलो, तेव्हा तिचे अंगण, विहीर आणि कर्दळीचा वाफा सारे मागे राहिले. त्यातच तिची दृष्टी मंदावली. गॅलरीतील तुळशीला ती पाणी घाली, पण धार कुंडीत पडते की जमिनीवर, हे तिला कळेना. आणि कळेना हे तिला आवडेना. काही महिन्यांनी तिने तांब्याच उचलण्याचे सोडून दिले. ज्या बाईने पन्नास वर्षे झाडांना जगविले, तिच्या हाती आता एकही झाड नसावे हे मला बघवेना.

रोपवाटिकेतून आणलेले ते रोप चिखलट मातीत होते. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशी नेमकी नावे देतो. पैकी काळी चिकट कन्हार भाताला कितीही मानवो, या झाडाला ती मारक ठरते. आम्ही मटासीचा एक भाग, चाळलेले पानाचे खत एक भाग, नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग आणि गिरणीतून आणलेले, अर्धवट जाळलेले भाताचे तूस एक भाग असे मिश्रण केले. धानाच्या या मुलुखात तुसाला कोण तोटा! कुंडी मात्र लहान घ्यावी. झाडाच्या पसाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पुरे. मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. रोप लावताना मधला गाभा मातीच्या वर राहील हे पाहावे, आणि माती बोटांनी दाबून घट्ट करू नये.

आता पाण्याविषयी. लवदार पानांवर थंड पाणी पडले की तेथे पिवळट डाग उठतात. ते कधीही पुसले जात नाहीत. म्हणून पाणी खालून द्यावयाचे. कुंडीच्या छिद्रातून एक धागा मातीत न्यावा, त्याचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत सोडावे आणि कुंडीचे बूड पाण्याला टेकू देऊ नये. केशाकर्षणाने पाणी आपोआप वर चढते, जसे समईत तेल चढते. हे ऐकून आईने लगेच कापसाची वात वळून दिली. दीड महिन्यात ती कुजली! विणकामाचा कृत्रिम लोकरीचा धागाच टिकतो. हे आईला अद्याप पटलेले नाही.

"अगं, वरून पाणी घातल्याखेरीज का झाडाचं पोट भरतं?" हा तिचा पहिला प्रश्न होता. परंतु ही रीत जणू तिच्याचसाठी निघालेली होती. बाटली हातात घेतली की वजनावरून तिला पाणी किती उरले ते कळते. पानाचा देठ दोन बोटांत धरला की तो ताठ आहे की मलूल, हेही कळते. डोळ्यांचे काम येथे फारसे नाहीच. शिवाय धाग्याने चढणाऱ्या पाण्यातील क्षार मातीत साठत जातात, म्हणून महिन्यातून एकदा पाने वर उचलून धरून मातीवर भरपूर पाणी ओतावे व ते निथळू द्यावे लागते. तो दिवस आईचा. पाणी मात्र आदल्या रात्री घरात भरून ठेवलेले असावे. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी चहा होण्याच्या बेतात असते, आणि माठातले फार गार.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची, पातळ पडद्याआड. कूलरचा झोत अंगावर नको. पण त्याच खोलीत झाड असावे. खाली वाळूचे ओले ताट ठेवल्यास भोवतीची हवा थोडी मऊ राहते.

एवढे करूनही दुसऱ्या उन्हाळ्यात झाड गेले. दोन दिवस वीज नव्हती, कूलर बंद होता, आणि तिसऱ्या दिवशी गाभा मऊ पडला. बाहेरची दोन पाने तेवढी आईच्या बोटांना कडक लागली. आम्ही ती इंचभर देठासह तिरकी कापून तुसाच्या ओलसर मिश्रणात खोचली आणि वर काचेचा पेला पालथा घातला. आषाढ लागला, पाऊस जमला. रोज सकाळी आई पेला उचलून देठाच्या बुडाशी करंगळी फिरवी आणि काही न बोलता पुन्हा झाकी. एका पानाने दगा दिला. दुसऱ्यापाशी, नऊ आठवडे उलटल्यावर, तिने मला हाक मारून बोलावले. माझ्या चष्म्याआडच्या डोळ्यांना काही दिसत नव्हते, तिच्या करंगळीला मात्र उंदराच्या कानाएवढी तीन पाने लागली होती.