बोरा बाजारातली दुसरी लेन्स

सीएसएमटीपासून चालत पाच मिनिटं. एरवी गर्दी ऑफिसांकडे पळत असते, पण शनिवारी दुपारी त्यातलेच काही जण बोरा बाजाराच्या गल्लीत वळतात. खांद्यावर काळी बॅग आणि चेहऱ्यावर 'आज घ्यायचंच' असा भाव. ओळखलंत ना? कॅमेरावाले! (रविवारी जाऊ नका, फोर्टातली बरीच दुकानं बंद असतात.)

इथे एकेकाळी खराखुरा किल्ला होता. 1860च्या दशकात तटबंदी पाडली गेली आणि बाजार गेट फक्त नावापुरतं उरलं. आता त्याच भागात एका काचेच्या कपाटात पन्नास लेन्स दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. बरेच जण मिररलेसकडे वळले, त्यामुळे डीएसएलआरच्या जुन्या लेन्स सेकंडहँडमध्ये भरपूर आल्यात. आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांची चंगळच की!

माझं बजेट दहा हजार. एक रुपया वर नाही. कॅमेरा कॅननचा क्रॉप सेन्सरवाला, सोबत आलेली 18-55. आता दुसरी कुठली? मित्रमंडळींचं एकमत होतं : 55-250 घे, लांबचं जवळ येईल. ऐकायला झकास! पण निघण्यापूर्वी मी एक काम केलं. वर्षभरातले आवडलेले फोटो उघडले आणि प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढलाय ते बघितलं. ही माहिती फाइलमध्येच असते, फुकट. 55 वर अडलेत, अजून जवळ जायला हवं होतं, असे फोटो जेमतेम चार. हललेले मात्र ढीगभर. आणि ते सगळे घरातले, संध्याकाळचे, ट्यूबलाइटखालचे : ताईचं सात महिन्यांचं बाळ. ते क्षणभर स्थिर बसत नाही आणि फ्लॅश मारला की भोकाड पसरतं. पुढच्या महिन्यात दोघं परत जाणार. पक्षी काय, थांबतील.

म्हणजे मला लांबचं नको होतं, उजेड हवा होता. किट लेन्स 55 वर जास्तीत जास्त एफ 5.6 पर्यंत उघडते. 50 मिमीची साधी प्राइम एफ 1.8 पर्यंत उघडते, म्हणजे उजेड जवळजवळ दसपट. जिथे 1/15 सेकंद लागतो, तिथे 1/125 मिळतो. रांगणाऱ्या बाळासाठी हा फरक फार मोठा आहे, बॉस! एक अट मात्र आहे. क्रॉप सेन्सरवर 50 ची चौकट फुलफ्रेमवरच्या 80 सारखी आवळते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवूनच फोटो काढायचा.

दुकानात दोन समोर आल्या. 1990 सालचं जुनं मॉडेल, प्लास्टिक माउंटचं, स्वस्त. दुसरं 2015 मध्ये आलेलं एसटीएम : धातूचा माउंट, फोकस बराच शांत, पस्तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. फरक हजार-दीड हजाराचा. झोपलेल्या बाळाशेजारी किर्र आवाज नको म्हणून मी एसटीएम हातात घेतली.

'एकदम मिंट है साब!' इथे सगळंच मिंट असतं. मोबाइलचा टॉर्च लावला, एका बाजूने उजेड टाकला आणि दुसरीकडून तिरकं बघितलं. पहिल्या लेन्समध्ये कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. फंगस! मुंबईच्या दमटपणात ही बया हमखास शिरते आणि साफ केली तरी काचेवरचं कोटिंग खाऊन गेलेली असू शकते. बारीक धुळीचे दोन-चार कण चालतात, धागे नाही. दुसरी लेन्स स्वच्छ निघाली. स्वतःच्याच कॅमेऱ्यावर चढवली आणि एफ 1.8 वर समोरच्या पाटीचं एक अक्षर धरून पाच फोटो काढले. फोकस कुठे बसतोय ते स्क्रीनवर मोठं करून बघितलं. मग एफ 8 वर तीन. दुकानदार जांभया देत होता, देऊ दे.

घासाघीस झाली, चहा झाला. बिलावर सीरियल नंबर आणि पंधरा दिवसांत बदलून देण्याची ओळ लिहून घेतली. 'विदाउट बिल' तीनशे कमी होते, पण मग उद्या भांडायचं कशाच्या जोरावर?

परतताना सीएसएमटीवर लेन्स रोखली. घुमट तेवढा मावला, बाकी इमारत बाहेर! 18-55 बॅगेतच होती, लगेच बदलली. स्टेशनात शिरण्याआधी एक हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं घेतली, दोनशेच्या आत. पावसाळ्याला दोनच महिने उरलेत.