मुलखाचा पंचनामा

मनुष्याच्या दृष्टीला विधात्याने विस्तार दिला आणि त्या विस्ताराबरोबर एक मोठी सवलतही दिली. ती ही की, समोर पसरलेल्या अफाट प्रदेशातील जे तिला नको असेल ते तिने खुशाल पाहू नये. डोंगरमाथ्यावर उभे राहिले की आपण म्हणतो, सारा मुलूख नजरेत आला. वस्तुतः नजरेत येतो तो समुद्राचा एखादा तुकडा, माडांची एखादी रांग, एखाद्या देवळाचा कळस, आणि उरलेले सगळे आपले मन पदरचे घालून पुरे करीत असते. गेल्या वीसएक वर्षांत छायाचित्रणाची जी एक शाखा नावारूपास आली, तिने ही सवलत साफ नाकारली आहे. एकाच जागी उभे राहून शेकडो, प्रसंगी हजारो छायाचित्रे घ्यावयाची, ती संगणकावर एकमेकांस सांधून त्यांचे एक अखंड चित्र सिद्ध करावयाचे, आणि ते असे की, दुरून पाहता संपूर्ण क्षितिज दिसावे व जवळ जाता नदीतल्या होडीवर किती माणसे बसली आहेत हेही मोजता यावे, असा तिचा संकल्प. शंभर कोटी बिंदूंचा, म्हणजे एका गिगापिक्सेलचा, टप्पा या रीतीने प्रथम २००३ साली अमेरिकेतील ब्राइस कॅन्यनच्या चित्राने ओलांडला. मॅक्स लायन्स नावाच्या छायाचित्रकाराने त्यासाठी १९६ छायाचित्रे जोडली होती.

या कलेचा विचार करताना पेडणे महाल डोळ्यांसमोर यावा, यात नवल नाही. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारी जमीन, अशा चतुःसीमा लाभलेला गोव्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका थराथरांनी रचलेला आहे: वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर काजू, त्याखाली माडांच्या बागा आणि कौलारू घरे, आणि सर्वांत खाली, भरतीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून पिढ्यान् पिढ्या राखलेली खाजने. हरमल आणि केरी यांच्यामधल्या टेकडीवर उभे राहून उत्तरेकडे तोंड केले की, डाव्या हाताला समुद्र, पायाशी केरीचा किनारा व त्यावरील सुरूची रांग, समोर नदीचे मुख, नदीपलीकडे असूनही गोव्याच्याच हद्दीत राहिलेल्या भूशिरावर तेरेखोलचा किल्ला, आणि उजव्या हाताला किरणपाणी-आरोंद्याच्या दिशेने आत आत वळत गेलेले नदीचे पात्र, एवढा ऐवज एका बैठकीत समोर येतो. साध्या छायाचित्रात तो मावत नाही. आणि कसाबसा मावविलाच, तर किल्ला नखाएवढा होऊन बसतो.

विस्तीर्ण दृश्य एकवार डोळ्यांखालून घालावे ही हौस मात्र आजची नव्हे. आयर्लंडात जन्मलेल्या रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार भिंतीवर चहूबाजूंचा देखावा रंगविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी खास गोल इमारत उभी केली. १७९९ साली टिपू सुलतान पडला, तर १८०० साली लंडनचे नागरिक रॉबर्ट कर पोर्टरने चितारलेला श्रीरंगपट्टणचा संग्राम पैसे देऊन पाहत होते. गोव्यापुरते बोलायचे, तर आर्चबिशपच्या कारभाऱ्यांत राहिलेल्या लिन्सखोटेन या डच गृहस्थाने १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात गोवे शहराचे रस्ते, घरे, धक्के यांसह एक दीर्घ दृश्य छापले. पुढे १६३५ साली आंतोनियु बोकार्रूने पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील किल्ल्यांचे वर्णन रचले व त्यास पेद्रु बार्रेतु दे रेझेंदेने चित्रे पुरविली. या साऱ्या उद्योगात एक गोष्ट समान दिसते: मुलूख समग्र पाहण्याची इच्छा आणि तो ताब्यात ठेवण्याची इच्छा शेजारीशेजारी नांदतात. पेडणे त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होते. सावंतवाडीकर भोसल्यांचा तेरेखोल पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला. त्याच मोहिमेत हळर्णचा किल्ला जिंकल्याबद्दल व्हाइसरॉयास ‘आलोर्नाचा मार्केस’ हा किताब मिळाला. आणि १७८८ साली पेडणे महाल नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी नव्याने मिळविलेल्या मुलखात, कायमचा सामील झाला. किल्ला आणि किताब यांची नोंद दप्तरात राहिली. खाजनाचा बांध कुठून कुठवर होता आणि किनाऱ्यावर झाडी किती दाट होती, हे मात्र कोणी चितारून ठेवले नाही.

आता कसबाकडे वळू. ज्याला हे चित्र करावयाचे आहे त्याने प्रथम आपली हौस आवरून हिशेब मांडावा. अडीच कोटी बिंदूंच्या आतबाहेरचा, म्हणजे आज सामान्यतः मिळणारा, मोठ्या संवेदकाचा कॅमेरा घेतला व त्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग चढविले, तर एका चित्रात आडवे सुमारे ७ अंश आणि उभे साडेचार अंश एवढीच दुनिया मावते. शेजारच्या दोन चित्रांनी एकमेकांवर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चढावे लागते, नाहीतर सांधा जुळत नाही. या मापाने केरीच्या टेकडीवरून समुद्रापासून नदीच्या वळणापर्यंतचे दीडशे अंश आणि आकाशापासून पायथ्यापर्यंतचे वीस अंश टिपायचे, तर १९० च्या घरात छायाचित्रे लागतात आणि जुळलेले चित्र सव्वादोन गिगापिक्सेलच्या पुढे जाते. बारीक छपाईच्या मापाने, इंचाला ३०० बिंदू धरून, ते कागदावर उतरविले, तर त्याची लांबी सुमारे ३६ फूट आणि उंची जेमतेम ५ फूट भरते. त्यातील एक बिंदू एक किलोमीटरवरच्या दोन सेंटीमीटरांचा प्रतिनिधी असतो, दोन किलोमीटरवर चारांचा; म्हणून हवा निर्मळ असली, तर तेरेखोलच्या तटाला जिथे गिलावा नाही तिथे चिऱ्यांच्या ओळी वेगळ्या वाचता येतात.

हवा निर्मळ असली तर, ही अट लहान नव्हे. वैशाखात क्षितिजावर धुरकट पडदा असतो, पावसाळ्यात दिशाच नाहीशा होतात. पाऊस सरल्यावर आश्विन-कार्तिकात काही दिवस असे येतात की, नदीपलीकडच्या झाडाचे पान अन् पान धुऊन ठेवल्यासारखे दिसते. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तरेकडे पाहणाऱ्याच्या पाठीशी तो असतो, आणि किल्ल्यावर, पाण्यावर, कांदळांवर प्रकाश समोरून पडतो. तेच चित्र तेरेखोलवरून केरीकडे घेऊ गेल्यास दिवसभर डोळ्यांवर ऊन येईल. दहा वाजून गेले की वाळू तापते, हवेची थरथर सुरू होते, आणि लांबच्या वस्तूंच्या कडा पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या हलू लागतात; त्या थरथरीवर कितीही मोलाच्या भिंगाचा इलाज चालत नाही. तिवईवर कॅमेरा असा बसवावा लागतो की, तो फिरताना भिंगाच्या आतला, जिथून प्रकाश प्रवेश करतो तो बिंदू तसूभरही जागचा हलू नये; हलला तर जवळची सुरूची फांदी आणि दूरचा बुरूज यांचे परस्परांशी असलेले नाते प्रत्येक चित्रात बदलते, आणि जोडताना एकाच फांदीच्या दोन होतात. प्रकाशाचे माप, केंद्रीकरण, रंगांचा तोल ही सर्व सुरुवातीसच ठरवून बांधून टाकावयाची, म्हणजे आकाश एका चित्रात निळे नि दुसऱ्यात राखाडी निघत नाही.

एवढा बंदोबस्त करूनही एक वस्तू कोणाच्या बंदोबस्तात येत नाही. ती म्हणजे वेळ. सारी छायाचित्रे यंत्राने फिरणाऱ्या तिवईवर पंधराएक मिनिटांत, हाताने फिरविल्यास अर्ध्या तासात पुरी होतात, आणि तेवढ्यात केरी-तेरेखोलची फेरीबोट अलीकडून निघून पलीकडे लागलेली असते. डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या कॅमेऱ्याला ती एकदा अलीकडच्या धक्क्याशी भेटते, पुढच्या रांगेत नदीच्या मध्यावर भेटते, आणि दोन चित्रांच्या सांध्यावर सापडली, तर तिचा पुढचा अर्धा भाग उतारूंसह शाबूत राहून मागचा अर्धा पाण्यात विरघळून गेलेला असतो. जाणकार म्हणूनच आडव्या रांगांऐवजी उभ्या पट्ट्यांनी चित्रे घेतात, कारण मग शेजारच्या चित्रांतले वेळेचे अंतर थोडे राहते. तरीही शेवटी जोडणाऱ्याला निवाडा करावाच लागतो की, अमुक फेरीबोट ठेवावी, तमुक पुसावी. ज्याला आपण एक दृश्य म्हणून पाहतो, ते असे अनेक घटकांचे मिळून झालेले असते, आणि त्यात एका अनामिक माणसाची निवड मुरलेली असते. म्हणून माझे म्हणणे असे की, या चित्राला पंचनाम्याचा मान द्यायचा असेल, तर जोडलेल्या चित्राबरोबर मूळ छायाचित्रे, साक्षीदारांच्या मूळ जबान्या जपतात तशी, एकही न गाळता जपली पाहिजेत.

कलावंत मंडळी या प्रकाराकडे किंचित नाक मुरडून पाहतात, आणि त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. चित्रकाराची थोरवी काय गाळावे या विवेकात असते. येथे तर काहीच गाळलेले नसते. केरीच्या चित्रात किल्ल्याइतकीच स्पष्ट वाळूवर रापणीचे मोठे जाळे ओढणाऱ्यांची रांग दिसते: दोर खांद्यावरून घेऊन मागे रेललेली माणसे, दोराच्या टोकाशी उगीचच हात लावून उभे असलेले एक पोर, अलीकडे टोपली कमरेवर धरून वाट पाहणारी बाई, आणि तिच्यामागे, कोणाचेही लक्ष नसलेला, प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग. यातले मुख्य कोणते आणि गौण कोणते, याविषयी चित्राचे काहीच मत नसते. रसनिष्पत्तीच्या दृष्टीने हा दोष असेल. साक्षीच्या दृष्टीने हाच गुण आहे, कारण आज आपण ज्याला गौण मानतो तेच पन्नास वर्षांनी शोधले जाईल. सिडनी शहराचे १८७५ साली चार्ल्स बेलिसने २३ काचांवर घेतलेले सुमारे दहा मीटर लांबीचे दृश्य ज्या होल्टरमनने पदरमोड करून घेवविले, त्याला आपल्या वसाहतीचे वैभव जगाला दाखवायचे होते. आज लोक त्याच चित्रात धक्के, गोदामे आणि पाडून टाकलेली घरे धुंडाळतात. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राची ८,४३९ छायाचित्रे जोडून २०२२ साली ७१७ गिगापिक्सेलचे चित्र प्रसिद्ध केले, ते काही कौतुक म्हणून नव्हे. रंगाचा कण अन् कण आज कसा आहे हे नोंदवून ठेवले, तरच पुढे तो बिघडला की नाही हे ठरविता येईल, हा त्यामागील हिशेब.

रंगाच्या कणाविषयी जी दक्षता, ती जमिनीविषयी आपण कधी दाखविली? डिचोली तालुक्यात शिरगावच्या परिसरात लोहखनिजासाठी डोंगर उतरत गेले, तेव्हा ते मुळात किती उंच होते आणि कोणत्या झाडीने झाकलेले होते, हे सांगायला आज बहुधा म्हाताऱ्यांची स्मृती आणि सर्वेक्षणाच्या रेषा एवढेच शिल्लक आहे. पेडण्याच्या मोपे गावच्या सड्यावर ५ जानेवारी २०२३ पासून विमाने ये-जा करू लागली. विमानतळ हवा की नको हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही; परंतु पहिल्या पावसात हिरवा होणारा आणि भाद्रपदात रानफुलांनी भरणारा तो सडा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अशा सूक्ष्म दृष्टीने कोणी नोंदवून ठेवला असता, तर हवा म्हणणाऱ्यांना आणि नको म्हणणाऱ्यांना निदान एकाच कागदावर बोट ठेवून बोलता आले असते. केरीचा किनारा, मांद्र्याची वाळू, मोरजीचे खाडीमुख हे आज बदलत आहेत, आणि बदल इतका सावकाश होतो की रोज पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. जी दृष्टी तटाचे चिरे वाचते ती अंगणातली वाळत घातलेली वस्त्रेही वाचते आणि उघड्या खिडकीतूनही आत जाते. पूर्वी मुलखाची चित्रे राज्यकर्त्यांनी काढली आणि रयतेला विचारले नाही; आता ती गावाने काढावयाची, तर गावाला विचारूनच काढली पाहिजेत, आणि घरांच्या दारांखिडक्यांतले तपशील प्रसिद्धीपूर्वी पुसट केले पाहिजेत. मूळ दप्तर ग्रामपंचायतीच्या अथवा वाचनालयाच्या ताब्यात राहिले म्हणजे झाले.

यासाठी फार मोठ्या द्रव्याची गरज नाही. छायाचित्रे जोडणारी ‘हगिन’ नावाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. कॅमेरा हल्ली लग्नाची चित्रे काढणाऱ्या प्रत्येक तरुणाजवळ असतो. उणीव असेल तर ती शिरस्त्याची. पेडणे महालातील शाळा-महाविद्यालयांनी व वाचनालयांनी मिळून चारपाच जागा मुक्रर कराव्यात: केरीची टेकडी, हळर्णचा किल्ला, मोप्याच्या सड्याची कड, भगवतीच्या देवळाजवळची पेडण्याची बाजारपेठ. प्रत्येक जागी जमिनीत एक दगड रोवून त्यावर तिवईची खूण करावी, दरवर्षी कार्तिकात त्याच खुणेवर, त्याच दिशेस, त्याच भिंगाने चित्र घ्यावे, त्याखाली तारीख, वेळ व भरती-ओहोटी लिहावी, आणि मूळ छायाचित्रांची एक प्रत गावात व एक गावाबाहेर ठेवावी. पहिल्या वर्षीचे चित्र पाहून लोक फार तर सुंदर म्हणतील. त्याचा खरा उपयोग दहावे चित्र त्याच्याशेजारी ठेवल्यावर कळेल, आणि ते दहावे चित्र हवे असेल, तर पहिले येत्या कार्तिकातच घ्यावे लागेल.