नाव-गाव पुरे

"तुम्ही फक्त नाव-गाव सांगा, उशीर झालाय." औलीतल्या त्या रात्रीचं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मी मिरजेचा. डिझेल मेकॅनिकचं आयटीआय केलं, मग अकरा वर्षं एका रुग्णालयाच्या जनरेटरवर काढली. जाहिरात बघून अर्ज टाकला, दिल्लीत शरीराच्या आणि मनाच्या तपासण्या झाल्या, आणि अंटार्क्टिकात मैत्री केंद्रावर हिवाळा काढणाऱ्या तुकडीत नाव लागलं. त्याआधीचं बर्फावरचं प्रशिक्षण औलीला.

तिथे जेवणानंतर आमच्यातल्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ओळखीची बैठक घेतली. आपण कोण, आणि या मोहिमेकडे कसं बघतो, हे प्रत्येकाने सांगायचं. हिमनद्यांवर काम करणारे पंधरा मिनिटं बोलले. एक संशोधक मुलगी अदिती पंत यांच्याबद्दल बोलली. त्या नागपूरच्या, 1983-84 मध्ये भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या. ऐकताना छाती भरून आली. मग मी उठलो, आणि ते वाक्य आलं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्यानंतर वेल्डर आणि स्वयंपाकी, त्यांनाही तेच. त्यांच्यामागून हवामानवाले उठले, त्यांना मात्र पूर्ण वेळ. मग उशीर फक्त आम्हा तिघांपुरताच झाला होता का?

दोन रात्री झोप नाही. मनात भाषण चालू. मैत्रीला पाणी येतं प्रियदर्शिनी तलावातून, पंपाने. वीज गेली तर पंप थांबतो, नळातलं पाणी गोठतं, खोल्यांतली ऊब जाते. दोन महिने सूर्य उगवत नाही, त्या काळात जनरेटरचा आवाज बदलला की आधी मला जाग यायला हवी. रुग्णालयात तेच केलं. ऑपरेशन चालू असताना लाइट गेली की वर कुणाचं पोट उघडं आहे, हे तळघरात मला माहीत असायचं.

आणि मैत्रीच्या शेजारीच रशियाचं नोवोलाझारेव्स्काया. 1961 मध्ये तिथल्या डॉक्टर रोगोझोव्ह यांचं अपेंडिक्स सुजलं. दुसरा डॉक्टर नव्हता, बाहेर काढायला विमान येणं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतःच स्वतःचं पोट फाडून ऑपरेशन केलं. हत्यारं द्यायला, आरसा धरायला जवळ होते एक हवामानवाले आणि एक यंत्रं-गाड्या सांभाळणारा माणूस. त्या माणसाला कुणी नाव-गाव सांगून खाली बस म्हणालं असेल का?

आता दुसरी बाजूही सांगतो. वेळ मिळाला असता, तरी यातलं काही मी बोललो नसतो. मी विज्ञानासाठी चाललेलो नाही. घराचं कर्ज आहे, आणि वर्षभरात बरंचसं फिटेल. 'माझा दृष्टिकोन' म्हणून हे चारचौघांत उभं राहून सांगणं जमलं नसतं. कदाचित त्या वाक्याने मला सोडवलंच. तरी ते त्यांनी म्हणायला नको होतं.

जाणाऱ्यांना एकच सांगणं, घरी खोटं बोलू नका. आईला मी 'येतो लवकर' म्हटलं नाही. मार्चमध्ये जहाज परतलं की नोव्हेंबरपर्यंत कुणी येत नाही, काहीही झालं तरी मला परतता येणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. मग गोधडी शिवायला घेतली.

औलीत, त्या बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी दोरीवरून उतरण्याचा सराव होता. माझी जोडी लागली त्याच सहकाऱ्यांशी. कड्याच्या टोकाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "गाव कुठलं म्हणालात तुमचं?"

एवढंच तर विचारलं होतं त्यांनी, तेही लक्षात राहिलं नव्हतं.

"मिरज," मी म्हणालो, आणि त्यांच्या कमरेची गाठ ओढून बघितली. मग आणखी एकदा ओढून बघितली.